अठरा पूर्ण, पंचवीसच्या आत

ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन कायद्याच्या लेखी माझा मुलगा अजून मूलच आहे. त्याला दाढी आहे, लायसन्स आहे, मतदान करून झालंय, आणि तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तरीही त्याच्यासाठी मी जो व्हिसा मागितलाय त्याचं नाव चाइल्ड व्हिसा, सबक्लास १०१. अठरा पूर्ण झालेल्या पण पंचवीस न झालेल्या पोराला हा कायदा मूल मानायला तयार आहे, पण तो शिकत असेल तर. आणि नुसतं शिकून भागत नाही, कसं शिकायचं तेही ठरवून दिलंय. त्याच्या शिक्षणाचा मी जेवढा काथ्याकूट केलाय, तेवढा माझ्या स्वतःच्या बी.कॉमच्या वेळीही केला नव्हता.

ओळखीतून ओळखीतून फोन येतात म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतेय. आधीच सांगते, मी मायग्रेशन एजंट नाही. इथे व्हिसाचा सल्ला द्यायचा तर नोंदणीकृत एजंट किंवा वकील असावं लागतं, आणि आमची फाइलही अशाच एका एजंटबाईंनी तपासली. मी मेलबर्नमध्ये एका कंपनीत पेरोल बघते. नियम वाचायचे, त्यातला प्रत्येक 'आणि' व प्रत्येक 'किंवा' कुठे पडलाय ते बघायचं, ही सवय तिथली.

थोडी पार्श्वभूमी. माझं हे दुसरं लग्न. पहिला नवरा गेला तेव्हा मुलगा लहान होता. मी पार्टनर व्हिसावर इकडे आले तेव्हा तो अकरावीत होता, आणि त्याने स्पष्ट सांगितलं, "आई, तू जा. मी आजी-अप्पांकडे राहतो. मला इथेच शिकायचंय." माझ्या अर्जात त्याचं नाव मूल म्हणून पूर्ण माहितीसकट लिहिलेलं होतं, सोबत येत नाही असं नमूद करून. हे ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी ही ओळ दोनदा वाचा. येत नसलेलं मूलही अर्जात दाखवायचंच असतं. कॅनडात तर न दाखवलेल्या मुलाला पुढे स्पॉन्सर करायचा रस्ताच नियमाने बंद होतो. २०१९ पासून काही प्रकरणांत त्यांनी थोडी सूट दिलीय, पण त्या सुटीच्या भरवशावर कुणी राहू नये.

तो सेकंड इयरला असताना एका रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, मी येऊ का तिकडे?" अठराच्या आत अर्ज केला असता तर शिक्षणाची अट अर्जाच्या वेळी लागलीच नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध उपटून आणायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. तेव्हा वाट हीच उरली.

नियम माझ्या शब्दांत सांगते. अर्जदार अठराच्या वर असेल तर तो अर्जाच्या दिवशी पंचवीसच्या आत असावा, अविवाहित असावा, पूर्ण वेळ नोकरी करत नसावा, स्पॉन्सर करणाऱ्या आईवर किंवा वडिलांवर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असावा. आणि शिक्षणाचं कलम असं: अठरा पूर्ण झाल्यापासून, किंवा ऑस्ट्रेलियातल्या बारावीच्या तोडीचं शालेय शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांत, किंवा वाजवी काळात, तो एखाद्या शिक्षणसंस्थेत पूर्ण वेळ अभ्यासक्रम करत आला असावा, आणि त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी व्यावसायिक स्वरूपाची काही पात्रता हातात पडणार असावी. अपंगत्वामुळे काम करू न शकणाऱ्या मुलांना ही शिक्षणाची अट नाही. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे आणि वयाची वरची मर्यादाही नाही.

लोक यातलं 'पूर्ण वेळ' तेवढं वाचतात. माझ्या मते कलमाचा जीव 'करत आला असावा' यात आहे. आज कॉलेजात नाव आहे का, एवढाच प्रश्न नाही. शाळा सुटल्यापासून आजपर्यंतची रेघ कुठे तुटली आहे का, असा तो प्रश्न आहे. सरकारच्या नजरेत शिक्षण म्हणजे मूल अजून आईबापांच्या जिवावर आहे याचा पुरावा. मधे तुटलं, की त्या काळात हा काय करत होता, कमवत होता का, कुणाच्या पैशावर जगत होता, हे सगळं उकरावं लागतं.

आणि आपल्याकडची शिक्षणपद्धत अशी आहे की ती रेघ कुणाचा काही दोष नसताना तुटते.

आमचंच घ्या. मुलगा २०२२ सालचा बारावी. त्या वर्षी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, निकाल जूनमध्ये, सीईटी ऑगस्टमध्ये, मग कॅपच्या फेऱ्या दिवाळीपर्यंत, आणि फर्स्ट इयरचे वर्ग नोव्हेंबरमध्ये. आता सहा महिने मोजायचे कुठून? शेवटच्या पेपरपासून मोजले तर मुदत उलटून जाते, निकालापासून मोजले तर आत बसतं. एजंटबाई म्हणाल्या, वाद घालत बसू नका, दोन्ही बाजूंनी सुरक्षित व्हा. म्हणजे निकालाची तारीख तर दाखवाच, पण त्या वर्षीचं प्रवेशाचं वेळापत्रक, सीईटीचं हॉलतिकीट, स्कोअरकार्ड, अलॉटमेंट लेटर, फी भरल्याची पावती, हे सगळं तारखांच्या क्रमाने लावा आणि एका पानाचं निवेदन जोडा, की राज्यातल्या सगळ्याच मुलांचे वर्ग त्या वर्षी तेव्हा सुरू झाले. मुद्दा असा की ही दिरंगाई मुलाची नव्हती. 'वाजवी काळ' ही सोय अशाच प्रसंगांसाठी आहे. पण ती अधिकाऱ्याच्या निर्णयावर आहे, आणि अधिकारी तुमच्या राज्याची प्रवेशप्रक्रिया जाणतो असं धरून चालू नका. मेलबर्नमधल्या माझ्या ऑफिसात कुणाला सांगून बघा, की बारावीचा निकाल लागल्यावर कॉलेज सुरू व्हायला पाच महिने लागतात. ते विनम्रपणे मान हलवतात आणि त्यांना अजिबात पटलेलं नसतं.

ही झाली लादलेली गॅप. स्वतः घेतलेली गॅप वेगळी. एका मैत्रिणीच्या मुलीने बारावीनंतर नीटसाठी ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर क्लास, टेस्ट सिरीज, सकाळी सहा ते रात्री दहा. त्या वर्षी ती पोरगी माझ्या मुलाच्या दुप्पट शिकत होती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण कोचिंग क्लासच्या शेवटी कुठलीही पात्रता मिळत नाही. क्लासची पावती म्हणजे प्रवेश नव्हे. त्यामुळे त्या कलमापुढे ते वर्ष कोरं दिसण्याची भीती आहे, आणि मग 'वाजवी काळ' हाच एक दोर हातात उरतो. मेडिकलच्या प्रवेशासाठी लाखो मुलं असं करतात, आमच्या देशात ही रीतच आहे, असं मांडता येतं. मांडावंही. पण ज्यांना पुढे हा व्हिसा मागायचाय, आणि मूल अजून अकरावी-बारावीत आहे, त्यांनी ड्रॉपचा निर्णय घेताना ही गोष्ट ताटावर ठेवूनच घ्यावा. नंतर कळण्यात काही अर्थ नाही.

यावर एक पळवाट लोक लगेच सुचवतात. बी.एस्सी.ला नाव घालून ठेवायचं, कॉलेजला जायचंच नाही, क्लास चालू ठेवायचा. मला हे दोन कारणांनी नको वाटतं. एक तर खोटं आहे. दुसरं, हजेरीपट, इंटर्नल मार्क आणि निकाल या तिन्ही गोष्टी मागवता येतात. कॅनडात जेव्हा वयाची मर्यादा उलटलेल्या विद्यार्थी-मुलांनाही अवलंबून मानत होते, तेव्हा २००२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं होतं, की हजेरी म्हणजे नुसतं शरीर वर्गात असणं नव्हे, मनही तिथे असलं पाहिजे. मुलाखतीत मुलाला त्याच्याच विषयातलं काही येत नसेल तर त्याच्या शिक्षणाबद्दल शंका घेता येते. हा निकाल ऑस्ट्रेलियाला लागू नाही. पण कुठलाही अधिकारी असाच विचार करणार, हे सांगायला कोर्ट कशाला हवं.

आता केटी. आमच्या घरातला सगळ्यात तापलेला विषय. सेकंड इयरला त्याचा मॅथ्स थ्री राहिला. एक-दोन विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, अभ्यास चालू राहतो, कागदावर काही तुटत नाही. पण विषय ठराविक संख्येपेक्षा जास्त राहिले तर इयर डाउन. मग ते वर्ष मूल घरी बसून फक्त राहिलेल्या विषयांच्या परीक्षा देतं, वर्गच नसतात, आणि कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइड मागायला गेलं तर क्लार्क म्हणतो, या वर्षी तुमचं नाव रोलवर नाही. आपल्या लेखी तो विद्यार्थीच असतो. त्या कलमाच्या लेखी तो पूर्ण वेळ अभ्यासक्रम करत नसतो. मी त्याला एवढंच सांगितलं, "तुला डिस्टिंक्शन नको, मला फक्त इयर डाउन नको." तो म्हणाला, "आई, जगात मार्कांबद्दल एवढी कमी अपेक्षा ठेवणारी आई दुसरी नसेल." मॅथ्स थ्री पुढच्या सेमिस्टरला सुटला. अप्पांनी पेढे वाटले, ते मात्र मला जरा जास्तच वाटलं.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, हे मला बरेच जण विचारतात. दूरशिक्षणात पदवी मिळते, त्यामुळे शेवटी पात्रता मिळण्याची अट सुटते, पण 'पूर्ण वेळ' सिद्ध करायचं कसं? ना वेळापत्रक, ना हजेरी. आणि दूरशिक्षण घेणारी मुलं बहुधा नोकरी करता करता ते करतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने नोकरीची अट अंगावर येते. ज्याच्यापुढे पर्याय आहे त्याने नियमित कॉलेज घ्यावं, एवढंच माझं म्हणणं. शाखा कोणती, कॉलेज नामांकित की गल्लीतलं, याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. आयटीआयपासून आर्किटेक्चरपर्यंत काहीही. रोज जाणं आणि शेवटी प्रमाणपत्र हातात पडणं, एवढं पाहिजे.

बोनाफाइडबद्दल. आपल्याकडचं बोनाफाइड म्हणजे चार ओळी: अमुक विद्यार्थी तमुक वर्षात शिकतो, वर्तणूक चांगली. परदेशी अधिकाऱ्याला यातलं काहीच पुरत नाही, वर्तणूक तर मुळीच नाही. आम्ही कॉलेजकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घेतलं. अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, पूर्ण वेळ आहे हे शब्द, सुरू झाल्याची तारीख, अपेक्षित समाप्तीची तारीख, कुठली पदवी आणि कुठलं विद्यापीठ, आजपर्यंत खंड नाही हे वाक्य. ऑफिसमधले म्हणाले, असा फॉरमॅट आमच्याकडे नाही. अप्पा निवृत्त मुख्याध्यापक. ते स्वतः मजकूर टाइप करून घेऊन गेले आणि प्राचार्यांसमोर बसून राहिले. असे अप्पा प्रत्येकाकडे नसतात, तेव्हा सेमिस्टरच्या मध्यावर, परीक्षांची धांदल नसताना जा.

इंटर्नशिप हाही असाच एक खड्डा. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांची इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग असते, स्टायपेंड मिळतो, आणि कंपनी ऑफर लेटरवर बिनधास्त लिहिते 'फुल टाइम इंटर्न'. मला पेरोलमध्ये पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला ३८ तास हा आकडा पाठ आहे, पण त्या आकड्यावर मी विसंबून राहिले नाही. कॉलेजकडून दुसरं पत्र घेतलं, की ही इंटर्नशिप आठव्या सेमिस्टरच्या क्रेडिटमध्ये मोजली जाते आणि विद्यार्थी या काळात नियमित विद्यार्थीच आहे. सुट्टीत किंवा आठवड्याच्या शेवटी थोडंफार कमावलं तर त्याने आभाळ कोसळत नाही. बंदी पूर्ण वेळ नोकरीला आहे. मात्र कमाई एवढी झाली की पोटापाण्याला आईची गरज उरली नाही, तर अवलंबून असण्याचीच अट जाते. व्याख्या अशी आहे: अन्न, वस्त्र, निवारा या मूलभूत गरजांसाठी तो माझ्यावर पूर्णतः किंवा बव्हंशी अवलंबून असावा, आणि माझ्यावरचं अवलंबित्व इतर कुणाही व्यक्तीपेक्षा किंवा स्रोतापेक्षा जास्त असावं. तेही अर्जाच्या आधी बराच काळ.

'इतर कुणाही व्यक्तीपेक्षा' यात आजी-आजोबा आले. मूल आजोळी राहत असेल तर हा मुद्दा गंभीर आहे. राहायला घर अप्पांचं, जेवण आजीच्या हातचं, मग अवलंबून कुणावर? म्हणून मी सुरुवातीपासून पैसे थेट मुलाच्या खात्यात पाठवत आले, ठरलेल्या तारखेला, कौटुंबिक खर्च हे कारण लिहून. फी त्याच खात्यातून. घरखर्चाचा वाटा तो अप्पांच्या खात्यात टाकायचा. अप्पांना ते अपमानास्पद वाटलं. "नातवाकडून भाडं घेऊ?" मग फोनवर बरीच समजूत घालावी लागली, की हे भाडं नाही, हा पुरावा आहे. तरी ते पैसे त्यांनी खर्च केले नाहीत, नातवाच्या नावाने मुदतठेवीत टाकले. कागद माझा नीट राहिला, मान त्यांचा.

लग्नाचं थोडक्यात. नुसतं अविवाहित असून चालत नाही, लग्न ठरलेलंही चालत नाही. आपल्याकडे तेवीस वर्षांच्या मुलीला चांगलं स्थळ आलं की आजी म्हणते, "साखरपुडा उरकून ठेवू, लग्न तिकडे गेल्यावर बघू." आजीबाई, तेवढंच करू नका.

मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, पासपोर्टच्या प्रती हे सगळ्याच व्हिसांना असतं, त्यावर मी काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की १०१ साठी अर्ज करताना आणि मंजुरी मिळताना मूल ऑस्ट्रेलियाबाहेर असावं लागतं. आतून करायचा तो सबक्लास ८०२. अटी जवळपास त्याच. व्हिजिटर व्हिसावर आणून आतून अर्ज करू, असं बरेच जण ठरवतात. त्यांनी त्या व्हिसावर ८५०३ नंबरची अट आहे का ते आधी बघावं. ती असेल तर आत आल्यावर दुसरा व्हिसा सहसा मागता येत नाही. शिवाय मूल तिकडचं कॉलेज अर्धवट सोडून इकडे येऊन बसलं, तर शिक्षणाची रेघ तुटली ती तुटलीच.

ज्यांची मुलं स्वतःच्या स्किल्ड व्हिसाच्या अर्जात सोबत घ्यायची आहेत, त्यांचा नियम वेगळा. तिथे १९ नोव्हेंबर २०१६ पासून मर्यादा तेवीसची आहे. तेवीस न झालेलं आणि अवलंबून असलेलं मूल चालतं. शिक्षणाचं असं सविस्तर कलम तिथे नाही, पण अठराच्या वरचं मूल अवलंबून का, याचं सगळ्यात साधं उत्तर 'शिकतंय' हेच असतं.

इतर देशांत नातेवाईक असतात म्हणून लोक नियमांची सरमिसळ करतात. चुलतभावाचं कॅनडात झालं, मग आमचं का नाही? कॅनडात आज मर्यादा बावीसच्या आत, आणि शिक्षणाचा संबंधच नाही. आधी होता: बावीसच्या वर असूनही सतत पूर्ण वेळ शिकत असेल आणि आईबापांवर अवलंबून असेल तर चालायचं. १ ऑगस्ट २०१४ ला वय एकोणीसच्या आत आणलं आणि विद्यार्थ्यांची ती सवलत काढली. २४ ऑक्टोबर २०१७ ला वय पुन्हा बावीसच्या आत गेलं, सवलत मात्र परत आली नाही. म्हणजे पूर्वी गेलेल्या चुलतभावाचा सल्ला त्याच्या काळापुरता खरा आहे. न्यूझीलंडमध्ये चोवीस वर्षांपर्यंतचं मूल धरतात, एकवीसच्या पुढे मात्र आर्थिक अवलंबित्व सिद्ध करावं लागतं. अमेरिकेत एकवीस पूर्ण झाले की तो कायद्याने मूल नाही. पीएच.डी. करत असो की घरी बसलेला असो. २००२ च्या कायद्याने वय मोजण्यात थोडा दिलासा दिलाय, पण शिक्षणाला तिथे किंमत नाही.

हे सगळे नियम शेजारी ठेवून बघितले तर ऑस्ट्रेलियाचा मला उदार वाटतो आणि जाचकही. पंचवीसपर्यंत थांबायला तयार आहे, ही उदारता. पण तोवर मुलाने सरळ रेषेत चालायचं. मधे थांबायचं नाही, वाट बदलायची नाही, कमवून बघायचं नाही. इथली गोरी मुलं बारावीनंतर वर्षभर कॅफेत काम करून युरोप फिरायला जातात, त्याला गॅप इयर म्हणून आईबाप कौतुकाने सांगतात. माझ्या सहकारिणीच्या मुलीचं तसं चाललंय. मी ऐकते आणि मनात म्हणते, बाई, तुझ्या लेकीला व्हिसा मागायचा नाहीये.

नकार आलेली प्रकरणं कशी असतात हे जाणून घ्यायचं असेल तर व्हिसा नाकारल्यावरची अपिलं ऐकणाऱ्या ट्रायब्युनलचे निर्णय ऑस्टली (AustLII) या साइटवर फुकट वाचायला मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून हे काम नव्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे आलंय, त्याआधीचे निर्णय जुन्या नावाखाली आहेत. मी रात्री भांडी झाल्यावर ते वाचत बसायचे. नवरा म्हणायचा, दुसऱ्यांच्या पोरांच्या मार्कशीट काय वाचतेस. प्रश्न तेच तेच असतात: शाळा कधी संपली, कोर्स कधी सुरू झाला, मधल्या काळात काय केलं, कोर्स बदलला तर का बदलला, पैसे कुठून आले. आपल्या फाइलमध्ये या प्रत्येकाला तारखेसकट उत्तर आहे का, एवढं तपासायला त्यांचा मोठा उपयोग होतो.

आणि आता ज्या गोष्टीने आमची झोप उडालीय ती. अट अर्जाच्या दिवशी पूर्ण केली म्हणून सुटका नाही. निर्णयाच्या दिवशीही तो शिकत असला पाहिजे. पंचवीस उलटले तर कायदा ते समजून घेतो, कारण वय कुणी थांबवू शकत नाही. शिक्षण संपलं तर तशी माफी नाही. निर्णय यायला किती लागेल, याचा हिशेब महिन्यांत करायचा नसतो, वर्षांत करायचा असतो. आम्ही सेकंड इयरला अर्ज केला. त्याचं शेवटचं सेमिस्टर आता तोंडावर आलंय. २०२६ च्या उन्हाळ्यात तो इंजिनिअर होईल, आणि तोवर उत्तर आलं नाही तर?

तर त्याने पुढच्या कोर्सला प्रवेश घ्यायचा. एम.टेक., एम.बी.ए., काहीही पूर्ण वेळ. त्याला एम.टेक. करायचं नाही. त्याच्या बॅचची मुलं प्लेसमेंटला बसतायत आणि त्याला एका कंपनीची पहिली फेरी पार करून झालीय. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, म्हणजे मी नोकरी मिळवली तर नापास, आणि नको असलेली डिग्री घेतली तर पास?" मी म्हटलं, "व्हिसापुरतं, हो." तो हसला नाही.

एजंटबाईंनी तीन रस्ते मांडले. प्लेसमेंट घे आणि १०१ सोडून दे. मग कधी यायचं झालं तर अनुभव गाठीला बांधून स्वतःच्या बळावर, स्किल्ड व्हिसातून. किंवा पी.जी.ला प्रवेश घे आणि थांब. किंवा नोकरीचं पत्र हातात ठेव, रुजू व्हायची तारीख जुलैच्या पुढे मागून बघ, आणि तोवर निकाल लागतो का ते पाहा. तिसऱ्या रस्त्यात शेवटची परीक्षा आणि पुढचा प्रवेश यामधली फट किती मोठी चालेल, हा पुन्हा तोच 'वाजवी काळा'चा प्रश्न. बाई म्हणाल्या, ती फट मी तरी पोसणार नाही.

माझा नवरा या बाबतीत माझ्यापेक्षा मोकळा आहे. त्याचं म्हणणं, व्हिसा पोराच्या आयुष्यासाठी आहे, पोराचं आयुष्य व्हिसासाठी नाही. बोलायला सोपं आहे. मला मुलाला जवळ आणायचंय, आणि ते मी लपवत नाही. पण त्याला नको असलेल्या वर्गात दोन वर्षं बसवून आणायचं का, याचं उत्तर माझ्याकडे स्वच्छ नाही.

शिवाय व्हिसा मिळाला म्हणजे इथलं शिक्षण स्वस्तात, असंही नाही. पर्मनंट रेसिडेंटला विद्यापीठात सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते, पण हेक्स, म्हणजे फीसाठीचं सरकारी कर्ज, सहसा मिळत नाही, ते मुख्यतः नागरिकांसाठी. म्हणजे विद्यार्थ्याचा वाटा सत्र सुरू होतानाच रोख भरायचा. यूथ अलाउन्स या तरुणांच्या सरकारी भत्त्यासाठी नव्या रेसिडेंटला सहसा चार वर्षं थांबावं लागतं. हा हिशेब आम्ही एक्सेलमध्ये मांडून त्याला पाठवला. त्याने उलट विचारलं, की इथे येऊन पहिल्याच महिन्यात पूर्ण वेळ नोकरी केली तर चालेल ना? चालेल. व्हिसा मंजूर होऊन तो इथे उतरला की शिक्षणाची अट संपली. त्याने शिकावं, नोकरी करावी, समुद्रावर जाऊन झोपावं.

सध्या ठरलंय ते असं. प्लेसमेंटच्या पुढच्या फेऱ्या तो देणार. पी.जी.च्या सीईटीचा फॉर्मही भरणार, फी मी भरणार. मे महिन्यापर्यंत काहीच कळलं नाही तर निर्णय त्याचा, आणि माझं मत त्याने विचारलं तरच द्यायचं, असं नवऱ्याने माझ्याकडून वदवून घेतलंय. सातव्या सेमिस्टरचा निकाल लागला की मार्कशीट आणि कॉलेजचं नवं पत्र अपलोड करायचंय. अप्पांनी मजकूर आधीच टाइप करून ठेवलाय, तारखेची जागा मोकळी सोडून.